हिशेब तपासायला शिकताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज दहा फॉरवर्ड येतात, मी ऑडिटवर बोलते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "जेवणाआधी की जेवणानंतर?" जेवणाआधीचं ठरलं. म्हणजे झोप लागणार नाही, फार तर भूक लागेल.

आधीच सांगते, मी सीए नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची, आणि वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली. ऑडिटशी गाठ पडली ती दोन बाजूंनी. एक म्हणजे ऑफिस. आमची टीम हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा नियम लागू झाला की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीचा माग राहिला पाहिजे. कोणी बदल केला, कधी केला, आधी काय होतं, सगळं. आणि हा माग बंद करता येता कामा नये. ते तसं आहे की नाही, हे ऑडिटरने अहवालात लिहायचं. त्यामुळे ऑडिटर थेट आमच्या टेबलाशी येऊन बसायला लागले. त्यांचे प्रश्न मला आवडले. "ही नोंद कोण बदलू शकतं? ज्याला बदलता येते, त्यालाच तिचा माग पुसताही येतो का?" कोड तपासताना आम्ही इतके साधे आणि इतके नेमके प्रश्न क्वचित विचारतो.

दुसरी बाजू घरची. मी मीरा रोडला नया नगरमध्ये राहते. आमच्या सोसायटीने "शिकलेली आहे, हिशेब बघेल" म्हणून मला कमिटीवर घेतलं. इंजिनिअरला ताळेबंद वाचता येतो असा आपल्याकडे का समज आहे, कोण जाणे. मग मी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचं विद्यार्थ्यांसाठीचं अभ्याससाहित्य उघडलं. ते त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. रात्री भांडी आवरली की एक प्रकरण. आणि अडलं की तिसऱ्या मजल्यावरचे चाचा. ते निवृत्त लेखापरीक्षक. उत्तर कधी सरळ द्यायचे नाहीत, उलटा प्रश्न विचारायचे. आपल्या काही सरांची आठवण व्हायची.

आता मुद्द्याचं. ऑडिट म्हणजे काय? इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला, त्याचा मूळ अर्थ 'ऐकणे'. पूर्वी हिशेब वाचून दाखवायचे आणि अधिकारी ऐकायचा. आपल्याला मात्र गणिताच्या तासाला त्याहून चांगला शब्द मिळाला होता: ताळा. भागाकार झाला की बाई म्हणायच्या, ताळा करा. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, भाज्य आलं पाहिजे. ताळेबंद या शब्दातही तोच ताळा ऐकू येतो.

पण इथेच पहिली गोष्ट शिकले. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असं नसतं. जमा आणि नावे दोन्हीकडे तीच खोटी रक्कम लिहिली तर तेरीज सुंदर जुळते. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही सगळी आतली शिस्त आहे. ऑडिटचं काम त्या वहीच्या बाहेर सुरू होतं. वहीत लिहिलेलं जगात आहे का, आणि जगात आहे ते वहीत आलं का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची दिशा उलटी आहे. चाचांनी मला हे जिन्यात उभं राहून शिकवलं. म्हणाले, "वहीत खर्च दाखवलाय, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. तो झाला का हे बघायचं तर वहीतून निघायचं, बिलाकडे जायचं, बिलावरून गच्चीवर जायचं. टाकी बघायची. पण सगळ्यांचा मेंटेनन्स वहीत आला का, हे बघायचं असेल तर वहीतून निघून चालेल का?" मी पावतीपुस्तकाचं नाव घेतलं. ते म्हणाले, "जी पावती फाडलीच नाही, ती पावतीपुस्तक कशी दाखवेल? दरवाजे मोज."

दरवाजे मोजा. तळमजल्यावरची दुकानं मोजा. गच्चीवर कुणाचा टॉवर किंवा जाहिरातीचा फलक आहे का बघा. पार्किंगमधल्या गाड्या मोजा. मग वहीकडे या. मला वाटतं ऑडिटच्या पुस्तकातली अर्धी अक्कल या दोन शब्दांत आहे.

पुस्तकात हेच नीट मांडलेलं असतं. ताळेबंदातली प्रत्येक ओळ काही दावे करत असते. ही वस्तू खरंच आहे. ती आपल्या मालकीची आहे. सगळं लिहिलंय, काही राहिलेलं नाही. लावलेली किंमत बरोबर आहे. आणि हे याच वर्षाचं आहे. सोसायटीच्या ताळेबंदात 'सभासदांकडून येणे' अशी ओळ असते. ती रक्कम वहीत बरोबर असेलही. पण त्यातला एक फ्लॅट सात वर्षं बंद असेल आणि मालकाचा पत्ता नसेल, तर ते येणं कागदावर आहे, हातात कधी यायचं? हा किमतीचा प्रश्न. तो बेरीज करून सुटत नाही.

ऑडिटर सगळं तपासत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. तो नमुने घेतो, जिथे चूक झाली तर फरक पडेल तिथे जास्त बघतो आणि शेवटी मत देतो. त्या मताला पुस्तकात 'वाजवी खात्री' म्हणतात. संपूर्ण खात्री म्हणत नाहीत. आणि हिशेब तयार करण्याची जबाबदारी त्याची नसते, ती कमिटीची किंवा कंपनीच्या संचालकांची. आपण मात्र "ऑडिट झालंय ना?" एवढं विचारून निश्चिंत होतो.

आता येते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी दोन घटनांवरून सांगते. दोन्ही आपल्या पिढीने पाहिलेल्या.

पहिली सत्यमची. आपण तेव्हा नोकरीत नवे होतो. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये नाहीतच. बँकेत पैसे आहेत की नाहीत, याहून सोपी तपासणी कोणती? बँकेला पत्र लिहायचं, बँकेने उत्तर द्यायचं. पत्रं गेली होती, उत्तरंही आली होती. पण २०११ मध्ये अमेरिकी नियामकांनी ऑडिटरवर कारवाई केली तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं हे काम ऑडिटरने कंपनीच्याच हाती सोडलं होतं. म्हणजे ज्याचा पेपर, त्यानेच तपासून गुण आणून दिले.

ऑडिटच्या मानकांमध्ये याबद्दल एक स्वतंत्र मानक आहे, क्रमांक ५०५. त्याचं सार एका ओळीत सांगते. बाहेरच्या माणसाकडून खात्री करून घ्यायची असेल, तर पत्र तुम्ही पाठवा आणि उत्तर थेट तुमच्याकडे येऊ द्या. कागदावर काय लिहिलंय याच्याइतकंच, तो कागद कुणाच्या हातून आला हे महत्त्वाचं.

दुसरी घटना आपल्या अगदी जवळची. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, आपण पीएमसी म्हणायचो. मुख्य कार्यालय भांडुपला. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी खातेदारांना कळलं की सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, पण मुलीचं लग्न, ऑपरेशन, निवृत्तीचे पैसे अडकले ते अडकलेच. कितीतरी गृहनिर्माण सोसायट्यांची खाती तिथे होती. वॉचमनचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न मुंबई-ठाण्यातल्या कमिट्यांसमोर एका रात्रीत उभा राहिला.

त्या बँकेची ठेव ११,००० कोटींच्या वर होती. मार्च २०१९ च्या हिशेबात नफा दिसत होता, बुडीत कर्जाचं प्रमाणही चार टक्क्यांच्या आत दाखवलं होतं. ऑडिट झालेलं होतं. मग कळलं की एकूण कर्जातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होतं आणि ते थकलेलं होतं. तपास यंत्रणांचा आरोप असा की मोठ्या कर्जांची ४४ खाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ लहान, बनावट खाती दाखवली गेली. ही खाती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नव्हतीच, तपासणीसाठी दिलेल्या यादीत तेवढी होती, असंही तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेलं पत्र बाहेर आलं, त्यात म्हटलं होतं की वेळ कमी असल्यामुळे ऑडिटर वाढीव कर्जंच तपासत, सगळी खाती बघत नसत. कोण किती दोषी, हा न्यायालयाचा विषय आहे. मी शिकणारीच्या नजरेने बघते.

२१,०४९ हा आकडा मी कागदावर लिहून भिंतीला लावलाय. कारण सॉफ्टवेअरवाल्या माणसाला तो झोंबतो. यादी ही गोष्ट आम्ही दोन मिनिटांत बनवतो. नाव, खाते क्रमांक, रक्कम, हवी तेवढी लांब. ४४ ओळींची यादी कुणीही वाचेल. २१,०४९ ओळींची यादी बघून माणूस म्हणतो, वा, केवढा कारभार, आणि शेवटच्या बेरजेकडे जातो. यादी जितकी लांब, तितकी ती खरी वाटते. त्यावर उपाय मात्र अगदी जुना आहे. त्यातली कुठलीही वीस नावं आपण निवडायची, देणाऱ्याने निवडलेली नव्हे. त्यांचे अर्ज काढायला सांगायचे. त्यांच्या दाराची कडी वाजवायची. आणि ती यादी मूळ प्रणालीतून आपल्यासमोर काढायला सांगायची.

त्या खातेदारांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ठेवींचं विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झालं. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळायची सोय झाली, त्यावरच्या रकमांसाठी वर्षानुवर्षांचे हप्ते ठरले. ज्याचं वय सत्तर आहे त्याने दहा वर्षांचा हप्ता कसा मोजायचा?

आता तुमच्या मनातलं बोलते. हे बँकांचं झालं, कंपन्यांचं झालं. आपापसात कसलं ऑडिट? आपल्याकडे हिशेब मागितला की समोरचा म्हणतो, "विश्वास नाही का?" आणि मागणारा ओशाळतो. यावर मराठीत तयार उत्तर आहे, विश्वास गेला पानिपतात. पण ते विनोदाने म्हणायचं. खरं उत्तर मला आमच्या लिफ्टने दिलं.

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली होती. वर्षाच्या हिशेबात जमलेल्यापेक्षा ६३ हजार रुपये कमी दिसले. जिन्यात कुजबुज सुरू झाली. खजिनदार आयुष्यभर दुकान चालवलेला, पै-पैचा माणूस. पण तोंडावर कुणी विचारत नव्हतं आणि पाठीमागे बोलायचं कुणी थांबत नव्हतं. दोन महिने तो माणूस खाली येऊन बसायचा बंद झाला. शेवटी मी आणि चाचांनी सभेची परवानगी घेऊन तपासायला घेतलं. बँकेचं स्टेटमेंट खजिनदारांकडून न घेता, आम्ही तिघं शाखेत जाऊन घेतलं. ते आधी दुखावले. मग चाचा त्यांना म्हणाले, "भाईजान, तुमच्या हातून कागद घेतला तर लोक म्हणतील, कागदही यानेच दिला. बँकेच्या हातून घेऊ द्या."

निघालं ते इतकंच. पाच सभासदांनी मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत रक्कम दिली होती. पावत्या मार्चच्या, भरणा एप्रिलचा, आणि मधल्या काळात हातात असलेली रक्कम वर्षाखेरच्या शिलकीत दाखवायची राहिली होती. पुस्तकात याला वर्षाच्या सीमारेषेचा प्रश्न म्हणतात. पैसे पूर्ण होते. सभेत आम्ही पाच पावत्या आणि बँकेच्या पाच नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. खजिनदार दुसऱ्या दिवसापासून खाली बसायला लागले. तेव्हा मला कळलं की ऑडिट चोराला पकडायला जेवढं लागतं, त्याहून जास्त वेळा ते प्रामाणिक माणसाला सोडवायला लागतं. पुरावा नसेल तर त्याच्याकडे आपल्या नावाशिवाय काही नसतं, आणि नाव कुजबुजीसमोर टिकत नाही.

नया नगरमधल्या अनेक इमारती जुन्या झाल्यात, पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू आहेत. तुमच्याकडेही असतील. आजवर सोसायटीचे हिशेब लाखांत होते, उद्या कोटींत असतील. म्हणून वार्षिक सभेची नोटीस आली की चार गोष्टी एवढ्या कराच.

पहिली, ऑडिटरचा अहवाल आधी वाचा, आकडे नंतर. मत स्वच्छ आहे, की 'खालील बाबी वगळता' असं आहे? हिशेब योग्य चित्र दाखवत नाहीत असं म्हटलंय, की पुरेशी माहितीच मिळाली नाही म्हणून मत देता येत नाही, असं? ही चार वेगवेगळी वाक्यं आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी, सोसायटीच्या अहवालात ऑडिटरने दाखवलेले दोष आणि कमिटीने 'ओ' नमुन्यात दिलेली दुरुस्ती शेजारी ठेवा. तोच दोष तीन वर्षं येतोय का? तिसरी, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या बघायला मागा. सिंकिंग फंड ताळेबंदात एका बाजूला निधी म्हणून दिसतो, पण दुसऱ्या बाजूला तेवढी ठेव खरंच आहे का? चौथी, येणं किती जुनं आहे ते विचारा. हे सगळं विचारायला सीए व्हावं लागत नाही. दहावीचं गणित पुरतं, जे या समोर बसलेल्या बाईंनी आपल्याकडून घोटून घेतलं.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी आज उभी आहे. आपण या मेळाव्यात शाळेतल्या गरजू मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी निधी सुरू करतोय. पैसे आत्ता आपल्या एका मित्राच्या वैयक्तिक खात्यात जमा होताहेत. त्याने आपलं काम अडू नये म्हणून हे अंगावर घेतलं, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी काल त्याला फोन करून विचारलं, मी हे बोलू का? तो म्हणाला, "बोल, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

विचार करा. ते पैसे त्याच्या खात्यात आहेत, म्हणजे कागदोपत्री त्याचे आहेत. उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्याने द्यायचं. देव न करो, त्याला काही झालं, तर त्याच्या बायकोने कसं ओळखायचं की यातले कुठले पैसे घरचे आणि कुठले शाळेतल्या मुलांचे? ऐन जूनमध्ये फी भरायच्या वेळी खातं अडकलं तर ज्या मुलीला आपण शब्द दिलाय तिने काय करायचं? आपला मित्र आणि ती मुलगी, दोघांच्याही पाठीशी कागद असला पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. निधी मोठा आणि कायमचा करायचा असेल तर रीतसर न्यास नोंदवू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली त्याचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. ते होईपर्यंत निदान निधीसाठी स्वतंत्र संयुक्त खातं, दोघांच्या सह्या, क्रमांक छापलेल्या पावत्या. वर्षातून एकदा, समितीत नसलेल्या दोघांनी बँकेकडून थेट स्टेटमेंट घ्यायचं, आणि शाळेत जाऊन फी भरलेल्या पावत्या बघायच्या. पैसे निघाले एवढं पुरेसं नाही, पोचले का ते बघायचं. आणि देणगीदारांची यादी आपल्या ग्रुपवरून पडताळायची, म्हणजे ज्याने दिले त्याचं नाव सुटलेलं नाही हे कळेल. दरवाजे मोजायचे, एवढंच.

पहिल्या वर्षी हे काम करायला मी तयार आहे. दुसरं नाव तुम्ही द्या, फक्त माझ्या जवळच्या मैत्रिणींपैकी नको. त्यांना माझी बाजू घ्यायची लहानपणापासून सवय आहे.

पुढच्या स्मरणिकेत फोटो असतील, आठवणी असतील, कविता असतील. शेवटच्या पानावर जमाखर्च असू द्या, खाली तपासणाऱ्या दोघांच्या सह्यांसकट. स्मरणिका हातात आली की ते पान आधी उघडा, आणि काही कळलं नाही तर निःसंकोच विचारा. ज्याला विचाराल त्याला राग येणार नाही, एवढं आजच ठरवू या.

आता जेवायला चला.